झाकणावर माणूस असल्यास

आमच्या कर्लिंग क्लबातला संगणक चालू कसा करतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पण तो लायक आहे की नाही हे ठरवायचं काम मात्र माझ्याकडे आलं. स्टेनविकमध्ये कामं अशीच वाटली जातात. पाद्री एलिंग यांना सूर सापडत नाही, म्हणून चर्चच्या गाण्याचा वर्ग ते घेतात.

ऑक्टोबरच्या शेवटी जिल्हा संघटनेचं पत्र आलं. जानेवारीतली कर्लिंगची स्पर्धा माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या गावी भरते. तीन दिवस माणसं बर्फावरून दगड सरकवतात, दगडाच्या पुढे झाडू मारत पळतात, आणि दोनशे बारा वस्तीचं गाव सहाशेचं होतं. पत्रात म्हटलं होतं की यंदापासून सामन्यांच्या जोड्या एका नव्या प्रोग्रामवर लावायच्या. प्रोग्रामची बोटभर लांबीची पेनड्राइव्ह सोबत होती. आणि एक कागद होता: 'संगणकाच्या किमान गरजा.' अकरा ओळी, प्रत्येकीसमोर होय आणि नाही असे दोन चौकोन, तळाला 'मी स्वतः तपासलं आहे' आणि सहीची जागा. पंधरा नोव्हेंबरपर्यंत अकरा होय आले नाहीत तर स्पर्धा डनमूरला जाणार होती.

डनमूर आमच्यापासून एकोणीस मैलांवर आहे. त्या गावाबद्दल मी वाईट बोलणार नाही, नेटीची बहीण तिथे दिली आहे. नेटी म्हणजे माझी बायको. एवढंच सांगतो की डनमूर सत्तर वर्षं या स्पर्धेवर डोळा ठेवून आहे.

"ओरेस्ट, हे तू बघ. तू वाचतोस," व्हर्ना थीसन म्हणाली. ती आमच्या क्लबची अध्यक्ष.

तिचं म्हणणं खरं होतं. मी वाचायला शिकलो त्रेसष्टाव्या वर्षी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दर मंगळवारी. लहानपणी शिकलेल्या लोकांना एक कला येते, अर्धं वाचून सोडून द्यायची. ती शिकायचं माझं वय निघून गेलं होतं. मी पिठाची पिशवी वाचतो, गोळ्यांच्या डबीतली घडी उलगडून शेवटपर्यंत वाचतो. त्यामुळे गावात ज्या कागदाला वाचणारा हवा असतो तो माझ्याकडे येतो, आणि ज्याला फक्त सही हवी असते तो दुसऱ्या कुणाकडेही जातो. या वेळी व्हर्नाची गल्लत झाली. तिला फक्त सही हवी होती.

संगणक बर्फालगतच्या गुण मांडायच्या खोलीत असतो. त्यावर भांडी पुसायचं फडकं घातलेलं असतं. पहिल्या तीन ओळींना मला दोन दिवस लागले, पण तीनही होय निघाल्या. चौथी ओळ मेमरीची होती. हवी होती चार, आमच्याकडे होती दोन.

मी हे कुणाला सांगायला नको होतं. पण शेजारी ईव्हर बोल्स्टाड कुंपणाशी उभा होता, आणि पंचेचाळीस वर्षं एकाच संघातून खेळल्यावर माणसापासून लपवायचं तरी काय. ईव्हरला प्रत्येक यंत्रातलं कळतं. ज्यातलं कळत नाही त्यातलं जरा जास्त कळतं.

"किती लागते म्हणालास?"

"चार."

"आहे किती?"

"दोन."

"मग आणखी एक दोनवाला आण की. नांगर एका ट्रॅक्टरला ओढवत नाही तेव्हा आपण काय करतो? पुढे दुसरा जोडतो."

याला आमच्या भागात उत्तर नाही. निम्मं स्टेनविक वसंतातल्या चिखलातून असंच बाहेर निघालेलं आहे.

गावात दुसरा दोनवाला संगणक चर्चचा. रविवारी म्हणायच्या गाण्यांचे पुस्तकातले आकडे त्याच्यावर छापतात. पाद्री एलिंग यांनी तो शुक्रवारी परत करायच्या बोलीवर दिला. ईव्हरच्या गाडीतून, गोधडीत गुंडाळून, आम्ही तो क्लबात आणला आणि आमच्या संगणकाशेजारी मांडला. ईव्हरला खोक्यात एक वायर सापडली. तिची दोन्ही टोकं दोघांत बसली, हा त्याला कौल वाटला. मग तो तीन पावलं मागे सरकला. साखळी ताणली जाते तेव्हा मागे उभं राहावं, तुटली तर पाय जातो. मीही सरकलो. काहीच झालं नाही.

कागदाच्या तळाशी मदतीचा फोन नंबर होता. पस्तीस मिनिटं गाणं ऐकवल्यावर एका मुलीनं विचारलं, काय अडचण आहे. ईव्हरनं फोन माझ्या हातातून घेतला.

"दोन जोडलेत पोरी. ओढत नाहीत."

मग ती मुलगी शांतपणे म्हणाली, दोन संगणकांची मेमरी अशी एकत्र होत नाही. पण मेमरी म्हणजे आतली एक छोटी पट्टी असते. दोन्ही पट्ट्या एकाच जातीच्या असतील तर एकातली काढून दुसऱ्यात घालता येते.

ईव्हरनं फोनवर हात ठेवला. "म्हणजे याचं इंजिन काढून त्यात टाकायचं. मी तेच तर म्हणत होतो."

पट्ट्या एकाच जातीच्या निघाल्या. लोणी लावायच्या सुरीनं ईव्हरनं चर्चच्या संगणकातली काढली आणि आमच्यात बसवली. आमची मेमरी चार झाली. चर्चच्या संगणकात आता काय उरलं हे पाहावं म्हणून आम्ही तो चालू केला. तो तीनदा ओरडला आणि गप्प झाला. नवी पट्टी शहरातून यायला नऊ दिवस लागणार होते.

त्या रविवारी गाण्यांचे आकडे पाद्र्यांनी तोंडानं सांगितले. पुढच्या चार बाकांनी एक गाणं धरलं, मागच्यांनी दुसरं. दोन्ही गाणी शेवटपर्यंत गेली, कारण आमच्याकडे सुरू केलेलं काम कुणी अर्धवट सोडत नाही. दारात हात मिळवताना पाद्री मला म्हणाले, "ओरेस्ट, वस्तू उसनी देऊ नये असं पवित्र ग्रंथात कुठे लिहिलेलं मला आठवत नाही. पण मी शोधतोय."

सातवी ओळ मोकळ्या जागेची. वीस हवी, होती सहा. उरलेल्या जागेत काय भरलंय ते पाहायला व्हर्नानं समितीची बैठक बोलावली. आत अकराशे फोटो निघाले. काढणारा डंकन मॅकरे. डंकन आमचा बर्फवाला. पाणी शिंपडून, तासून, त्याला कर्लिंगचा बर्फ करतो, आणि त्या कामात त्याच्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही. फोटो बर्फाचे होते.

"डंकन, हे सगळे पांढरे आहेत," व्हर्ना म्हणाली.

"सगळे थीसन तरी तुला सारखेच दिसतात का?"

"एखादा ठेव. बाकीचे जाऊ देत."

"कुठला ठेवू? हा बघ, हा सात वर्षांपूर्वीचा. बघ कसा जिवंत आहे." आम्ही पाहिलं. मला कोरा कागद दिसला. "आणि हा त्याच्यानंतरच्या सालचा. त्या वर्षी पाण्यात लोह फार होतं. हा उडवलात तर पुढच्या पोरांना कळणार कसं?"

दोन तासांनी तोडगा निघाला. व्हर्नानं घरून एक रिकामी पेनड्राइव्ह आणली, अकराशे बर्फ तिच्यात भरले, आणि डंकननं ती दोरीत ओवून गळ्यात घातली. आंघोळीला काढतो असं त्याची बायको सांगते. आमच्याकडे जागा झाली एकवीस.

दहाव्या ओळीपर्यंत होय आल्यावर व्हर्नानं कॉफीच्या दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं की काम झालं. तेव्हा मी अकरावी ओळ वाचत होतो. ती बारीक अक्षरात होती. 'वापराच्या जागेचं तापमान: किमान १०, कमाल ३५.'

गुण मांडायच्या खोलीत त्या सकाळी चार होतं.

"अरे, तो नऊ वर्षं तिथेच चाललाय," व्हर्ना म्हणाली.

"चालला तो त्याचा चांगुलपणा. इथे विचारलंय वेगळंच."

"मग संगणक स्वयंपाकघरात ने."

"सहावी ओळ. संगणक खेळाच्या जागेलगत हवा. तिथे मी आधीच होय लिहिलंय."

"मग खोली तापव."

हे डंकननं ऐकलं. "त्या खोलीची भिंत माझ्या बर्फाला लागून आहे," तो म्हणाला. "भिंत तापली की बर्फाला घाम फुटतो. तुम्हाला संगणकाची स्पर्धा भरवायची असेल तर तसं सांगा, मी घरी जातो."

त्यानंतर गावातल्या प्रत्येकानं मला सल्ला दिला. कुणी म्हणालं संगणकाला लोकरीची टोपी घाल. कुणी म्हणालं रात्रभर गाडीच्या इंजिनाला लावतो तो हीटर त्याला चिकटव. टपालवाली बाई म्हणाली, थंडीत तिच्या कोंबड्या अंडी देत नाहीत तेव्हा ती दिवा लावते. मी म्हटलं, आम्हाला अंडी नको आहेत. ती म्हणाली, मग अडलंय कुठे.

उपाय अखेर ईव्हरनं काढला, आणि तो चांगला होता हे मला कबूल केलं पाहिजे. फेब्रुवारीत गाय व्यायली की ओलं वासरू थंडीत दगावतं, म्हणून ईव्हरकडे वासरू गरम करायची पेटी आहे. प्लॅस्टिकची, कंबरेएवढी, आत गरम हवेचा पंखा, वर झाकण. नोव्हेंबरात ती रिकामीच असते. आम्ही ती धुतली. दोनदा धुतली. संगणक आत बसवला, आणि पडदा, कळफलक वायरीनं बाहेर काढले. दिसायला ते बरं दिसत नव्हतं, पण दिसण्याबद्दल कागदात ओळ नव्हती.

मी नेटीचा मांस भाजताना वापरायचा तापमापी आत खोचला. झाकण लावल्यावर बारा मिनिटांत पारा छत्तिसावर गेला.

"कमी कर," मी ईव्हरला म्हटलं.

"कमी नाही होत. याला बटण एकच. वासरू आहे, वासरू नाही."

झाकण उघडलं. सहा मिनिटांत नऊ. परत लावलं. परत छत्तीस. मी तीन तास वहीत आकडे लिहिले. त्यातून असं निघालं की झाकण अकरा मिनिटं लावून पाच मिनिटं उघडं ठेवलं तर तापमान दहाच्या खाली जात नाही आणि पस्तिसाच्या वर चढत नाही. फक्त तिथे माणूस बसवावा लागतो, आणि त्यानं तिथून हलता कामा नये.

पंधरा तारखेला दुपारी मी कागद टेबलावर ठेवला आणि अकराव्या ओळीसमोर लिहिलं: 'होय, झाकणावर माणूस असल्यास.'

व्हर्ना माझ्या खांद्यावरून वाचत होती. "नुसतं होय लिही."

"नुसतं होय नाहीये ते."

"मग नाही लिहिणार आहेस?"

"नाहीसुद्धा नाहीये."

"ओरेस्ट, बाबा रे, चौकोन दोन आहेत. तुला तिसरा कोण देणार? सगळ्या क्लबांनी डोळे मिटून होय केलंय. तुझ्या पाया पडू का? त्या तीन दिवसांवर आपलं वर्षाचं छप्पर उभं आहे. स्पर्धा गेली तर पुढच्या हिवाळ्यात बर्फच घालता येणार नाही."

ती खोटं बोलत नव्हती. पण तळाला लिहिलं होतं, 'मी स्वतः तपासलं आहे.' वाचता येत नव्हतं तोवर चाळीस वर्षं लोक बोट ठेवतील तिथे मी सही केली. त्यातल्या एका सहीनं नाल्याकडचं शेत गेलं. ते काही परत येणार नव्हतं, म्हणून मी तो मुद्दा काढला नाही. मी सही केली, वहीतल्या आकड्यांची तीन पानं मागे जोडली, आणि चार वाजायला दहा मिनिटं असताना नगरपालिकेच्या कचेरीतून सगळं फॅक्स केलं.

त्यानंतर व्हर्ना माझ्याशी बोलेनाशी झाली. कॉफीच्या दुकानात माझ्या खुर्चीवर लोक कोट ठेवू लागले. नेटीच्या बहिणीचा डनमूरहून फोन आला. त्यांच्या अध्यक्षानं तो कागद पोस्टाच्या दारात, गाडीच्या टपावर धरून भरला होता. अकरा होय, एका दमात. आणि आता त्यांनी हॉल रंगवायला काढला होता.

"त्यांचा संगणक केवढा आहे, विचार," मी नेटीला म्हटलं.

नेटीनं विचारलं. पलीकडचं ऐकून तिनं फोन ठेवला. "ती म्हणते, कुठला संगणक?"

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर माझी खुर्ची परत मिळाली असती. पण मला तपासायला आमचाच संगणक दिला होता.

दहा दिवसांनी, उणे सव्वीसच्या थंडीत, संघटनेची बाई आली. कोरिन डेलॉर्म तिचं नाव. तिनं बूट काढले, मोजे झटकले आणि गुण मांडायच्या खोलीत येऊन पेटीपुढे उभी राहिली. झाकणावर मी होतो. व्हर्ना, ईव्हर, डंकन भिंतीला टेकून उभे होते. पडद्यावर प्रोग्राम चालू होता, चोवीस खोट्या संघांच्या जोड्या लावत होता. पेटीला आतून वासराचा थोडा वास येत होता.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"अकरावी ओळ," मी म्हटलं.

तिनं पिशवीतून माझा फॅक्स काढला. उभ्यानंच तिन्ही पानं वाचली. तेवढ्यात पाच मिनिटं झाली, मी झाकण लावलं.

"हा कागद मी तयार केला," ती म्हणाली. "अकरावी ओळ मी दुसऱ्या कुठल्या तरी कागदावरून उतरवली होती. ती कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं."

"मग काढून टाका ना बाई," व्हर्ना म्हणाली. दहा दिवसांत माझ्या देखत ती पहिल्यांदा बोलली.

"पुढच्या वर्षी काढीन. यंदाचं छापून गेलंय. आणि छापल्यात होय असतं किंवा नाही असतं. अटीवरचा होय आम्ही 'नाही'त धरतो. नियमच तसा आहे."

डंकननं गळ्यातली पेनड्राइव्ह शर्टाच्या आत टाकली. व्हर्ना खिडकीतून बर्फाच्या चार लांब पट्ट्यांकडे पाहू लागली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. झाकण लावून दहा मिनिटं झाली होती. अकरावं मिनिट भरल्यावर मी झाकण उघडलं, कारण ते उघडायची वेळ झाली होती.

डेलॉर्म बाई तापमापीकडे पाहत राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"यादीच्या मागच्या पानावर यंत्रणेचे भाग लिहायची जागा आहे," ती हळूहळू म्हणाली. "तुम्ही कोरी सोडलीत. पेटी हा भाग आहे. तापमापी हा भाग आहे. झाकण उघडणारासुद्धा भाग म्हणून नोंदवला, तर ती अट राहत नाही. मग यंत्रणा आपली आपण दहा आणि पस्तीसच्या आत राहते. मग ते होय होतं."

"ओरेस्टला लिहा," ईव्हर ताबडतोब म्हणाला. "सही त्याची आहे."

तिनं लिहिलं. कळफलक, माऊस, पडदा, पेटी, तापमापी, आणि सहाव्या क्रमांकावर माझं पूर्ण नाव. वडिलांचंही नाव विचारून घेतलं.

"एक आहे," ती म्हणाली. "प्रोग्राम चालू असताना कुठलाही भाग काढायचा नाही. तीनही दिवस."

हे ईव्हरच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. "म्हणजे हा खेळणार नाही? मग आमचे तिसरा-चौथा दगड कोण टाकणार?"

"व्हर्नाच्या जावयाला घ्या," मी म्हटलं.

"तो? तो झाडू धरतो तो गवत काढल्यासारखा."

"तूच नाव दिलंस माझं."

ईव्हरनं तोंड मिटलं. पंचेचाळीस वर्षांत त्याला स्वतःहून गप्प बसलेलं मी दोनदा पाहिलंय, आणि दुसऱ्यांदा ते हे. व्हर्ना खिडकीपासून वळली. तिनं खुंटीवरचा स्वतःचा जाड कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला.

"अजून एक रकाना आहे," डेलॉर्म बाई म्हणाली. ती आता लेखणी सरसावून बसली होती, मधेच थांबणं तिच्याही स्वभावात दिसत नव्हतं. "प्रत्येक भागाच्या किमान गरजा. पेटीला काय लागतं?"

"वीज," डंकन म्हणाला.

"तापमापीला?"

"काही नाही."

"आणि सहाव्या क्रमांकाला?"

मी तोंड उघडणार तोच दारात नेटी आली. हातात बीटच्या सुपाचं भांडं होतं. बाहेर उभी राहून तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "दुपारी बाराला सूप, गरम. वरून घट्ट साय. पाठीला उशी. दर दोन तासांनी मोरीकडे जाऊ द्यायचं, तेवढा वेळ झाकणावर मी. वाचत असेल तर मधे बोलायचं नाही, बोललात तर पहिल्यापासून सुरू करतो. डाव्या कानानं कमी ऐकतो, म्हणून उजवीकडून बोलायचं. आणि रागावला असेल तर ते तोंडावर दिसत नाही. विचारावं लागतं."

बाईनं शब्दन् शब्द लिहिला. साय तिनं दुसऱ्या ओळीत घातली. मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, बोट काढा. मग पान उजेडात धरून वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. तेवढा वेळ झाकण नेटीनं सांभाळलं. सूप निवत होतं, पण कुणी मधे बोललं नाही. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. मी सही केली.